आकडा मशीन देते, अर्थ आपल्याला शिकावा लागतो

रविवारी सकाळी वंदना आटोपली की आमच्या विहाराच्या व्हरांड्यात एक टेबल लागतं. सरकारी दवाखान्यातून परिचारिका म्हणून निवृत्त झाल्यापासून मी तिथे बीपी तपासायला बसते. नागपूरच्या आमच्या वस्तीतले म्हातारे, धुणीभांडी करणाऱ्या बाया, रिक्षावाले, असे वीस-पंचवीस जण येतात. कोणी मला सिस्टर म्हणतं, कोणी ताई.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका रविवारी मागच्या गल्लीतले एक काकाजी आले. त्यांनी हात पुढे केला नाही. पिशवीतून बीपीची नवी कोरी मशीन काढली आणि टेबलावर ठेवली.

"पोरानं पुण्याहून पाठवली. आता तुमच्या रांगेत कशाला बसू?" ते म्हणाले. सगळे हसले, मीही हसले. मग ते म्हणाले, "रोज पाहतो सिस्टर. १२४, १२२, १२६. बीपी गेला माझा. परवापासून गोळी बंद केली."

मी म्हटलं, "काकाजी, हे आकडे गोळी चालू होती तेव्हाचे ना?"

"हो."

"मग ते गोळीचं काम आहे. गोळी बंद केली की बीपी परत चढेल."

"चढला तर मशीन सांगेलच की!"

त्या दिवशी रांग मोठी होती. मी त्यांना बसवून नीट समजावलं नाही. ती माझी चूक.

नंतर कळलं ते असं. गोळी सोडल्यावरही काही दिवस आकडा चांगलाच येत राहिला, कारण काही गोळ्यांचा असर शरीरातून हळूहळू उतरतो. काकाजींची खात्री पटली. मशीन कपाटात गेली. चार महिन्यांनी एका सकाळी त्यांचं तोंड वाकडं झालं, उजवा हात उचलेना, शब्द अडखळू लागले. घरच्यांनी कपाटातून मशीन काढली. वरचा आकडा १९६ होता. मग हाताला तेल चोळलं, लिंबूपाणी दिलं, थोडं झोपू दिलं. दवाखान्यात नेईपर्यंत दुपार झाली. काकाजी वाचले, पण त्यांच्या उजव्या हातात आजही चहाचा कप धरला जात नाही.

मी भेटायला गेले तेव्हा काकूंनी विचारलं, "सिस्टर, मशीन खराब होती का हो?"

नाही. मशीन पहिल्या दिवशी बरोबर होती आणि लकवा मारला त्या दिवशीही बरोबर होती. काकूंचा तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही, म्हणून हा लेख.

मशीनला काय कळतं आणि काय कळत नाही

आता वस्तीत बऱ्याच घरांत काही ना काही मशीन आहे. कुठे बीपीची, कुठे शुगरची, कुठे करोनाच्या काळात घेतलेलं बोटाला लावायचं ऑक्सिमीटर. ही चांगली गोष्ट आहे. एकेकाळी या वस्तू फक्त डॉक्टरच्या टेबलावर असायच्या. पण वस्तू घरात आली म्हणजे तिच्यामागचं ज्ञानही आलं, असा आपला समज होतो. तिथेच घात होतो.

बीपीची मशीन करते काय? दंडाला बांधलेल्या पट्ट्यात हवा भरते आणि हाताच्या रक्तवाहिनीतला प्रवाह क्षणभर थांबवते. मग हवा हळूहळू सोडते. रक्त पुन्हा धडका देत वाहू लागतं, त्या धडक्यांची थरथर पट्ट्यात उमटते. मशीन ती थरथर पकडते, आत बसवलेल्या हिशोबाने वरचा आणि खालचा आकडा काढते आणि दाखवते. हृदय आकुंचन पावताना रक्ताचा दाब असतो तो वरचा. हृदय सैल पडतं तेव्हाचा तो खालचा.

एवढंच तिला कळतं. तुम्ही गोळी घेतली की नाही, आत्ताच जिना चढून आलात का, रात्रभर जागलात का, घरी भांडण झालं का, यातलं तिला काही कळत नाही. १२४ हा आकडा गोळीमुळे आला की गोळी न घेताच आला, हे सांगण्याची सोय तिच्यात नाही. ते माणसालाच माहीत असावं लागतं.

हे यंत्र कसं तयार झालं तेही पाहण्यासारखं आहे. दंडाला हवेचा पट्टा बांधून दाब मोजण्याची सोपी पद्धत रिव्हा-रोच्ची नावाच्या इटालियन डॉक्टरने १८९६ मध्ये मांडली. पण नाडीवर बोट ठेवून फक्त वरचा आकडा मिळायचा. १९०५ मध्ये कोरोत्कोव्ह या रशियन शल्यचिकित्सकाने सांगितलं की पट्ट्याच्या खाली स्टेथोस्कोप लावा आणि ऐका. पहिला ठोका ऐकू येतो तिथे वरचा दाब, आवाज थांबतो तिथे खालचा. शंभर वर्षं जगभरचे डॉक्टर आणि परिचारिका याच पद्धतीने मोजत आल्या.

आम्हीही पाऱ्याच्या यंत्रावर तसंच शिकलो. हवा भर, सोड, ऐक, पुन्हा ऐक. चुकलं की वरिष्ठ सिस्टर बोलायच्या. पट्टा सैल का बांधला? रुग्णाला बसवलं का? हात कुठे ठेवला? ते शिकताना कान तयार झाला, तसे हे प्रश्नही अंगात भिनले. आज बटन दाबलं की आकडा येतो. कानाचं काम मशीनने घेतलं. ते प्रश्न मात्र तिने घेतलेले नाहीत. ते आता बटन दाबणाऱ्याने विचारायचे आहेत, आणि बटन दाबणाऱ्याला ते कोणी शिकवलेले नाहीत.

एकच बाई, दोन आकडे

मागच्या उन्हाळ्यात एक ताई कामावरून थेट विहारात आल्या. उन्हातून चालत आलेल्या, वाटेत टपरीवर चहा घेतलेला. बसल्या बसल्या नळाच्या पाण्याचं भांडण सांगत होत्या. शेजारच्या मुलाने हौसेने पट्टा बांधून बटन दाबलं. १५६/९४. ताई घाबरल्या. "आता गोळी सुरू करावी लागेल का?"

मी त्यांना पाठ टेकून खुर्चीत बसवलं. अर्धा तास गप्प बसा म्हटलं. मग पुन्हा मोजलं. १३८/८६. मशीन तीच, हातही तोच.

पहिला आकडा खोटा नव्हता. त्या क्षणी दाब तेवढाच होता. पण तो धावपळीचा दाब होता, आजाराचा नव्हे. म्हणून मोजण्याची रीत आहे, आणि ती कोणालाही पाळता येते:

• मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, खर्रा, बिडी नको. जेवणानंतर लगेच किंवा मेहनतीचं काम करून लगेच मोजू नका.

• लघवी लागली असेल तर आधी जाऊन या. तुंबलेल्या लघवीनेही आकडा वाढतो.

• पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं शांत बसा. पायावर पाय टाकू नका. मोजताना बोलू नका, बोलवूही नका.

• हात टेबलावर किंवा उशीवर, छातीच्या उंचीवर टेकवा. हात खाली लोंबत असेल तर आकडा जास्त येतो.

• पट्टा उघड्या दंडावर बांधा, स्वेटर किंवा जाड बाहीवर नको. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर आकडा खोटा वाढतो. कृश म्हातारीच्या दंडाला मोठा पट्टा लावला तर खोटा कमी येतो. मशीन घेताना दंडाचं माप घेऊन पट्टा घ्या.

• एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. पहिला बरेचदा जास्त असतो.

• मनगटाच्या मशीनपेक्षा दंडाची मशीन भरवशाची. वर्षातून एकदा आपली मशीन दवाखान्यात नेऊन तिथल्या आकड्याशी ताडून पाहा. ज्यांचे ठोके अनियमित पडतात त्यांच्या बाबतीत मशीन चुकू शकते, त्यांनी डॉक्टरकडून हाताने मोजून घ्यावं.

वही मशीनपेक्षा महत्त्वाची

आता आकड्याचा अर्थ. दवाखान्यात मोजल्यावर वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा त्याहून जास्त येत असेल तर उच्च रक्तदाब धरतात. घरी माणूस निवांत असतो, म्हणून घरच्या आकड्यांची सरासरी १३५/८५ किंवा जास्त आली तरी डॉक्टरांना दाखवायचं. काहींचा दाब डॉक्टरचा कोट पाहूनच चढतो. काहींचं उलट असतं, दवाखान्यात ठीक आणि घरी, कामावर जास्त. म्हणून एका आकड्यावर ना घाबरायचं, ना खूश व्हायचं.

साधा उपाय शाळेच्या वहीचा आहे. दवाखान्यात जाण्याआधी सात दिवस, सकाळी गोळी घेण्यापूर्वी आणि संध्याकाळी, दोन-दोनदा मोजा. वहीत तारीख, वेळ, दोन्ही आकडे आणि शेवटच्या रकान्यात "गोळी घेतली / नाही घेतली" असं लिहा. हा शेवटचा रकाना मशीनमध्ये नसतो. काकाजींच्या घरी तो असता तर त्यांनाच दिसलं असतं की चांगले आकडे गोळीच्या दिवसांचे आहेत. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी डॉक्टर काढतील. सरकारी दवाखान्यात बीपीच्या आणि शुगरच्या नेहमीच्या गोळ्या मोफत मिळतात. गोळी कमी करायची की बंद करायची, हे ती वही डॉक्टरपुढे ठेवून ठरवा.

काही आकडे मात्र वहीत लिहून थांबायचे नाहीत. वरचा १८० किंवा खालचा १२० च्या पुढे गेला तर पाच मिनिटं बसून पुन्हा मोजा. तेवढाच आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. मनाने जादा गोळ्या घेऊ नका. त्यासोबत छातीत दुखणं, दम लागणं, भयंकर डोकेदुखी किंवा झापड असेल तर थांबू नका, १०८ ला फोन करा.

आणि तोंड एका बाजूला ओढलं जाणं, एक हात किंवा पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, यातलं एक जरी दिसलं तरी मशीन शोधत बसू नका. आकडा काहीही असो, तो लकवा असू शकतो. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. तेही तपासणीत मेंदूत रक्तस्राव नाही हे दिसल्यावर. तेल चोळण्यात गेलेला वेळ परत मिळत नाही.

गरोदर बाईला १४०/९० किंवा जास्त आला तर तो त्याच दिवशी दाखवायचा. डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज असेल तर एक तासही घालवू नका. इतरांच्या बाबतीत जो आकडा "पुन्हा मोजून पाहू" म्हणून चालतो, तोच इथे आई आणि बाळ दोघांच्या जिवावर येऊ शकतो. आकडा तोच, माणूस वेगळा, म्हणून अर्थही वेगळा.

आंब्याच्या हाताने शुगर

शुगरच्या मशीनचंही असंच. एका आजीची शुगर एकदम ३४० आली. घरात रडारड. मी विचारलं, "आजी, आत्ता काय खाल्लं?" "काही नाही गं, नातवाला आंबा कापून दिला." बोटावर आंब्याचा रस होता. मशीनने तोही मोजला. साबणाने हात धुऊन, कोरडे करून पुन्हा टोचलं तर १६२ आली.

पट्टीच्या डबीवरची तारीख उलटली असेल, डबी उघडी राहून दमट झाली असेल, तरी आकडा भरकटतो. दुसऱ्या मशीनची पट्टी चालत नाही. आणि एकाने वापरलेली सुई दुसऱ्याला कधीही टोचायची नाही, घरच्याच माणसालाही नाही.

घरच्या मशीनवरून मधुमेह आहे की नाही हे ठरवत नाहीत. त्यासाठी शिरेतलं रक्त प्रयोगशाळेत तपासतात. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त आणि तेही पुन्हा तपासून पक्कं झालं, की मधुमेह धरतात. घरची मशीन औषध-पथ्याचा परिणाम पाहायला आणि शुगर उतरली का हे ओळखायला उपयोगी. ७० च्या खाली शुगर धोक्याची. घाम, थरथर, घाबरल्यासारखं, बोलण्यात गोंधळ, असं होऊ लागलं आणि माणूस शुद्धीवर असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून द्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका, थेट दवाखान्यात न्या.

ऑक्सिमीटर बोटातून प्रकाश पाठवून रक्तातला ऑक्सिजन मोजतं. बोट गार असेल, गडद नेलपॉलिश असेल, हात हलत असेल तर आकडा चुकतो. आणखी एक गोष्ट आपण लक्षात ठेवायला हवी. काळ्या त्वचेवर हे यंत्र कधी कधी खरा आहे त्यापेक्षा जास्त ऑक्सिजन दाखवतं. अमेरिकेत २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की यंत्र "ठीक आहे" म्हणत असताना प्रत्यक्षात ऑक्सिजन कमी असण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांपेक्षा कृष्णवर्णीय रुग्णांत जवळपास तिप्पट होतं. तेव्हा यंत्रावर ९५ असेल, पण माणसाला वाक्य पुरं करता येत नसेल, ओठ निळसर पडले असतील, तर यंत्राऐवजी माणसाकडे पाहा.

"पॉझिटिव्ह" शब्दाने मोडलेलं लग्न

विदर्भात आपल्या समाजासाठी सर्वांत महत्त्वाची तपासणी सिकलसेलची. आदिवासी समाजाप्रमाणेच आपल्या अनेक कुटुंबांत हा रक्ताचा दोष पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. केंद्र सरकारचं सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झालं. शिबिरं होतात, बोट टोचलं जातं, हातात चिठ्ठी येते.

आमच्या ओळखीतल्या एका मुलीच्या चिठ्ठीवर "सिकल पॉझिटिव्ह" असं लिहून आलं. ठरलेलं लग्न आठ दिवसांत मोडलं. मुलीला आजार आहे, असं मुलाकडच्यांनी धरलं. मुलीच्या आईनेही तेच धरलं आणि ती रात्र-रात्र रडत राहिली. शिबिरातली ती झटपट चाचणी एवढंच सांगते की रक्तात "एस" नावाचं हिमोग्लोबिन आहे. ते एका पालकाकडून आलेलं आहे की दोघांकडून, हे ती सांगू शकत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची तपासणी करावी लागते.

एका पालकाकडून आलं असेल तर माणूस वाहक. त्याचं आयुष्य एरवी सर्वसामान्य असतं. दोघांकडून आलं असेल तर तो आजार. त्याच्या वेदना, रक्त कमी होणं, जंतुसंसर्ग, या सगळ्यासाठी नियमित उपचार लागतात. ती मुलगी वाहक निघाली. आणि मुलाची तपासणी कोणी केलीच नव्हती!

लग्नाच्या वेळी खरा प्रश्न दोघांचा मिळून असतो. एक वाहक आणि दुसरा पूर्ण निर्दोष, तर मुलांना सिकलसेलचा आजार होत नाही. फार तर मूल वाहक होऊ शकतं. दोघेही वाहक, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक. "पहिलं आजारी झालं, आता तीन चांगली होतील" असा त्याचा हिशोब नाही. प्रत्येक वेळी चारात एक. आणि दुसऱ्याची झटपट चाचणी निगेटिव्ह आली तरी तो थॅलेसेमियाचा वाहक असू शकतो. त्यातूनही मुलाला आजार होऊ शकतो. म्हणून लग्न जमवताना एकट्या मुलीची चिठ्ठी मागू नका. दोघांचाही पूर्ण रिपोर्ट काढा आणि समुपदेशकाकडून समजून घ्या. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला झटपट चाचणी लागू पडत नाही, हेही लक्षात असू द्या.

इथे दोन मशीन एकमेकींशी जोडल्या जातात. शुगरसाठी तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ही तपासणी आता सगळीकडे करतात. लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि तेवढ्या काळात त्यांना जी साखर चिकटते तिच्यावर ती आधारलेली आहे. सिकलसेलच्या रुग्णाच्या लाल पेशी काही आठवड्यांतच मरतात. साखर चिकटायला वेळच मिळत नाही. म्हणून शुगर वाढलेली असूनही ही तपासणी खोटी कमी येऊ शकते. उलट, लोह कमी पडून झालेल्या रक्तक्षयात ती खोटी जास्त येऊ शकते. वाहकांमध्येही काही यंत्रांची गफलत होते. तेव्हा घरात सिकलसेल असेल तर शुगरच्या डॉक्टरांना स्वतःहून सांगा. मशीन ते विचारणार नाही. घाईत असलेले डॉक्टरही विसरू शकतात.

दहा श्वासांना एक मणी

आतापर्यंत वाचून कोणाला वाटेल की हे सगळं शिकलेल्यांचं काम. तसं नाही. याचं उदाहरण आपल्या विदर्भातच, गडचिरोलीत आहे.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेपुढे प्रश्न होता की खेड्यात न्यूमोनियाने दगावणारी लेकरं वेळेत ओळखायची कशी. छातीचा फोटो काढायला यंत्र नाही, डॉक्टर दूर. पण न्यूमोनिया झालेल्या बाळाचा श्वास जलद होतो, आणि श्वास मोजता येतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचा ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचा ४० किंवा जास्त, तर तो धोका. अडचण ही की गावच्या अनेक दाई निरक्षर होत्या, त्यांना साठपर्यंत सलग मोजणं जड जाई. मग एक साधन बनवलं. एका मिनिटात खाली पडणारी वाळूची घटिका आणि ओळीने ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली तर बाळाला न्यूमोनिया.

ना बॅटरी, ना पडदा. पण दाईला ते चालवताना बाळाच्या छातीकडे एक मिनिट टक लावून पाहावं लागे. बाळ रडत किंवा पीत असताना मोजायचं नाही, हे शिकावं लागे. लाल मणी आला की पुढे काय करायचं, हेही. पुढे याच संस्थेने गावातल्या बायांना नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घेण्याचं शिक्षण दिलं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा अहवाल आला. ज्या गावांत हे काम झालं तिथे नवजात बालमृत्यूंचं प्रमाण, काम न झालेल्या गावांच्या तुलनेत, ६२ टक्क्यांनी कमी झालं. त्या बायांच्या हातातली साधनं आपल्या आजच्या मशीनपेक्षा साधीच होती. पण प्रत्येक साधनाबरोबर त्याचं शिक्षण आलं होतं, आणि चुकलं तर दुरुस्त करणारं माणूस होतं.

आपल्या घरी मशीन खोक्यातून येते. सोबतची पुस्तिका इंग्रजीत असते, ती खोक्यातच राहते. पोरगा पैसे पाठवतो, मशीनही पाठवतो, पण आईजवळ बसून ती समजावून सांगायला त्याला सुटी नसते. 'शिका' हा शब्द आपल्या विहाराच्या भिंतीवर लिहिलेला असतो. तो शाळा-कॉलेजपुरताच नाही. घरात आलेल्या औषधाच्या डबीला आणि बीपीच्या पट्ट्यालाही तो लागू आहे.

विहारात एक तास

काकाजींच्या त्या प्रसंगानंतर आम्ही रविवारच्या टेबलाची रीत बदलली. आता मी कमी मोजते, जास्त शिकवते. ज्यांच्या घरी मशीन आहे त्यांनी ती घेऊन यायचं. आधी पट्ट्याचं माप पाहायचं. मग त्यांनीच मोजायचं, आम्ही फक्त पाहायचं. शेवटी वहीत रकाने आखून द्यायचे. दहावी-बारावीच्या सहा मुली यात तयार झाल्या. त्यांच्या गल्लीत कोणाचा आकडा वाढला तर त्या आधी मशीन बघत नाहीत, माणसाला पाच मिनिटं बसवतात.

हे कोणत्याही विहारात करता येईल. एक निवृत्त परिचारिका, आशाताई किंवा आरोग्यसेविका, दोन खुर्च्या, एक टेबल आणि वह्या. महिन्यातून एक रविवार पुरे.

काकाजीही येतात, काठी टेकत. त्यांची नात त्या सहा मुलींपैकी एक. मागच्या रविवारी गर्दी होती म्हणून मी घाईने एका काकूंच्या दंडाला पट्टा बांधला आणि बटनाकडे हात नेला. नात मागून म्हणाली, "सिस्टर, थांबा ना. काकूंनी आत्ताच चहा घेतला."

काकाजी डाव्या हातात कप धरून बसले होते. ते हसले. मी पट्टा सोडला आणि काकूंना पाठ टेकून बसायला सांगितलं.